दारातली रेघ

विद्यानगर, हैदराबाद
२९ डिसेंबर २०२५

लाडक्या मावशी,

आधी खाली बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

मी टॅटू काढलाय. हौ, खरंच. डाव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत. ओरडू नकोस, मला इथपर्यंत ऐकू येतंय. फोनवर तुला ऐकू आलं असतं तर तिथंच सांगितलं असतं, पण तुझ्या कानाशी ओरडायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगण्यासारखं. म्हणून लिहितेय. माझं मराठी वाचताना हसू येईल, हस. तूच म्हणतेस ना, लिहीत जा म्हणजे सुधारेल. तुझा कुलदीपदादा उदगीरहून सुलतान बाजारात कापड भरायला आला की त्याच्या हाती पत्र देते, उत्तर त्याच्याच हाती पाठव.

कशाचा टॅटू ते आत्ता नाही सांगणार.

टॅटूवाल्यानं बजावलंय, साबणानं हलक्या हातानं धू, पुसू नको, टिपून घे, मलम एकदम पातळ लाव, उन्हात नेऊ नको, खाज आली तरी नख लावायचं नक्को बोले तो नक्को. हात गरम लागतो. सगळ्या रेघा सुजून वर आल्यात. सकाळी अर्धवट झोपेत असते तेव्हा वाटतं, त्या माझ्या हातावरून हळूहळू कुठंतरी चालल्यात, आणि मला उठायलाच नको वाटतं. त्या चालत असतात आणि मी पडून राहते.

तुझ्या हातावर केवढं मोठं गोंदण आहे. तू काय केलं होतंस गं, बरं होईपर्यंत?

आई तशीच आहे. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत ती. साखरेनं डोळे नेले ते नेलेच, पण बोलणं कुणी नेलं? दिवाळीपासून हो-नाही सोडून काही नाही. कशाला हात लावत नाही, मला पण नाही. जेवणाचं ताट मी तिच्या बोटाला लावते तेव्हा ती हात मागं घेते, मग हळूच पुढं करते. डॉक्टर म्हणाले, आता हाताची सवय व्हायला हवी, काठी धरायला शिकायला हवं, नाहीतर ती खुर्चीतच संपून जाईल. मला फार भीती वाटते, मावशी. बाबा गेले तेव्हा एवढी नव्हती वाटली, कारण तेव्हा आई होती.

तिला टॅटूचं सांगितलेलं नाही.

तुझी
तन्वी


उदगीर
२ जानेवारी २०२६

तन्वे,

बसूनच वाचलं. पाणी नाही पिलं, चहा पिला, आणि तो सांडला.

अगं, काय करायलीस तू? लग्नाची पोरगी, अख्खा हात रंगवून बसलीस! आणि कशाचा ते सांगत नाहीस म्हणजे मला कळत नाही का? नाव असणार कुणाचं तरी. कोण आहे तो? तुझ्या ऑफिसातला का? नीट सांग, मी काही खाऊन टाकणार नाही त्याला. पण नाव गोंदायच्या आधी माणूस तरी दाखवायचा होतास. उद्या बिनसलं तर काय हात कापून देणार आहेस?

बरं. आता झालं ते झालं. कर ते सांगते. तुझा तो टॅटूवाला मलमाचं काय सांगतो ते त्याच्यापाशी ठेव. आमच्या जत्रेत गोंदणारीण यायची, ती शाई टोचून झाली की हळद आणि एरंडेल चोपडायची. जखम फुलायची, पण बरी व्हायची. कुलदीपच्या हाती घरची हळद देते आहे. नाही लावलीस तर निदान आमटीत घाल.

एक मात्र तुझा टॅटूवाला बरोबर बोलला. खाजवू नको. खपली आपणहून पडू दे. ओढून काढलीस तर रंग संगं जातो आणि तिथं पांढरं राहतं. माझ्या दंडावरच्या मोराला एक डोळा नाही बघ, तो असाच गेला.

तुझी आई गोंदायला बसली होती, तुला सांगितलंय का कधी? पहिला ठिपका हनुवटीवर टोचला आणि ही पळाली ती थेट बैलबाजारात. दोन बायका धरून आणायला गेल्या, त्यांनाच चावली. म्हणून तिला एकच ठिपका. माझ्या बहिणीला टोचून घ्यायला जमलं नाही कधी. पण हातात रांगोळी दिली की मग बघावं. सारवलेलं अंगण संपायचं, हिची रांगोळी संपायची नाही. माय म्हणायची, आता हिला रस्त्यावर सोडा, हैद्राबादेपर्यंत काढत जाईल. आणि गेलीच की हैद्राबादेला.

तिला माझं पत्र वाचून दाखव. बैलबाजाराचं मुद्दाम दाखव. माझे कान गेले, तिचे डोळे गेले, दोघी मिळून एक धड बाई होतो आम्ही. हसते का बघ.

आणि त्या मुलाचं नाव कळव.

इंदुमावशी


विद्यानगर
६ जानेवारी

मावशी,

मुलगा नाहीये गं! कसम से नाहीये. असता तर तुलाच पहिल्यांदा सांगितलं असतं, कारण तुला ऐकू येत नाही.

आता सांगते. माझ्या हातावर आईची रांगोळी आहे.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी तिनं दारात काढली होती ती. तू पण होतीस तेव्हा इथं. मी ऑफिसला निघताना मोबाईलवर फोटो काढला होता, असाच, छान दिसली म्हणून. आपल्या ठिपक्यांमध्ये तिनं समोरच्या आंटींच्या मुग्ग्याची, म्हणजे तेलुगू रांगोळीची, वळणं गुंफली होती, तिची स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नाही. त्यानंतर तिनं रांगोळीच्या डब्याला हात लावला नाही. मग डोळेच गेले. मागच्या महिन्यात माझा मोबाईल पाण्यात पडला आणि मला वाटलं, फोटो गेला. तो परत मिळाला तेव्हा मी रडले, आणि ठरवलं, ही आता अशा ठिकाणी ठेवायची की हरवणार नाही. टॅटूवाल्यानं फोटो मोठा करून, कागदावर उतरवून, जशीच्या तशी काढली. एका जागी एक रेघ वाकडी जाऊन परत आलेली आहे. तो म्हणाला, “ये लाइन ऐसीच है क्या?” मी म्हणाले, ऐसीच. मला कुठं कळतं त्यातलं.

आता खरं ते ऐक.

काल मी तुझं पत्र वाचून दाखवत होते. बैलबाजारापाशी तिचे ओठ हलले. हसली असं नाही म्हणणार, पण हलले. आणि मग एकदम म्हणाली, “तुझ्या अंगाला मलमाचा वास येतोय. काय लागलं तुला?”

एवढं लांब वाक्य, मावशी! मी घाबरून म्हणाले, काही नाही, टॅटू काढलाय. ती मग उठली, भिंतीला धरून मोरीपर्यंत गेली, साबणानं हात धुतले. आपणहून. परत येऊन खुर्चीत बसली आणि तळहात उघडा करून म्हणाली, “आण इकडं.”

हात लावू द्यायचा नाही असं टॅटूवाल्यानं सांगितलंय. मी दिला. मरू दे तो टॅटूवाला.

रेघा अजून वर आलेल्या आहेत, काही ठिकाणी खपली धरलीय. तिनं बोटाची नुसती टोकं फिरवली. मला दुखत होतं की नव्हतं तेही आठवत नाही. बाहेर ऊन होतं, पडदा हलत होता, ती बोट पुढं सरकवत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की ती खोलीत नाहीच, कुठल्या तरी पहाटेच्या दारात बसलीय. कोपऱ्यातलं कमळ तिला लगेच कळलं. मग वेल कळली. “ही माझी आहे,” ती म्हणाली. “ही माझी आहे गं तन्वी.” दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नावानं हाक मारल्यासारखं वाटलं.

आणि मग ती त्या वाकड्या रेघेपाशी आली. बोट तिथं थांबलं. पुढं गेलं, परत आलं. चटका बसावा तसा तिनं हात काढून घेतला. म्हणाली, “पाय आहे हा.” आणि मग अगदी हळू, “माझ्याच तोंडानं म्हणाले होते मी. माझ्याच डोळ्यांवर आलं.”

तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून झोपलीय. काल रात्री जेवली नाही, आज अर्धा घास. मी विचारलं तर मान हलवते. काय म्हणाली होती ती? कुणाला? मी काय चुकीचं गोंदवून घेतलं माझ्या हातावर? तुला काही माहीत असेल तर लवकर लिही. हे अर्ध-बोलणं त्या गप्प बसण्यापेक्षा वाईट आहे.

तन्वी


विद्यानगर
१३ जानेवारी

मावशी,

तुझं उत्तर नाही. दादा पण आला नाही. रागावलीस का?

उद्या संक्रांत. आमची गल्ली पांढरी झालीय. पोरी-बायका आज सकाळपासून रस्त्यात वाकलेल्या, प्रत्येक दारात एवढे मोठ्ठे मुग्गे, गाड्या सुद्धा कडेकडेनं जातायत. समोरची राणी आमच्या दारात येऊन थांबली आणि विचारलं, “अक्का, तुमचं मी काढू का?” मी नक्को म्हणाले. मग वाईट वाटलं. सगळ्या गल्लीत आमचंच दार काळं.

हाताची साल निघतेय. काळे पापुद्रे उशीवर सापडतात, मला आधी वाटलं रंगच निघाला. खाली कातडी चमकते आणि रेघा धुक्यातून बघितल्यासारख्या दिसतात. टॅटूवाला म्हणतो, असंच असतं, महिन्यात बसेल. खाज इतकी येते की मी वरून थोपटत बसते, लहान बाळाला थोपटतात तशी.

पण एक आहे. रेघा खाली बसायला लागल्यात. मी डोळे मिटून बोट फिरवून बघते, कोपराकडच्या तर लागतच नाहीत. अजून थोड्या दिवसांनी हात नुसता हात होईल. बघणाऱ्याला दिसेल, तिला काहीच नाही. मी रोज तिच्यापाशी जाऊन हात पुढं करून बसते. ती घेत नाही. मी वेड्यासारखं मनात म्हणते, बरा होऊ नको रे, थोडा थांब.

काल ती झोपेत बोलत होती. म्हणत होती, डोळ्यांत पांढरं पांढरं दिसतंय, कुणीतरी पुसा. मी जागी करायला गेले नाही. वाटलं, दिसतंय तर दिसू दे.

लिही गं.

तन्वी


उदगीर
१० जानेवारी

तन्वी लेकरा,

तुझं सहा तारखेचं पत्र आज हाती पडलं आणि तेव्हापासून मी स्वतःलाच शिव्या देतेय. कुलदीप संक्रांतीनंतर निघेन म्हणतोय, त्याच्या गाडीचं काम निघालंय. त्याला म्हटलं, पोस्टात टाकू का, तर म्हणतो मीच आधी पोचेन. पोचेल तेव्हा पोचेल. लिहून ठेवते.

त्या सकाळी मी तुमच्या फाटकापाशी उभी होते, तुळशीला पाणी घालून झालं होतं. तुझी आई दारातच होती, रांगोळी नुकती संपलेली. तुझ्या बाबांना, नामदेवरावांना, दुकान उघडायची घाई. मलकपेठेला पोचायचं म्हणून चपलेत पाय घालता घालता निघाले आणि पडला की पाय रांगोळीवर. तशी आपली त्रिवेणी कडाडली, “डोळे फुटले का तुमचे?” आणि तणतणत आत गेली, गॅसवर दूध होतं.

कुठल्या घरात बायको असं म्हणत नाही सांग. मी तुझ्या काकांना दिवसातून तीनदा म्हणायचे. पण दुपारी दुकानातून फोन आला आणि ते गेलेले. म्हणजे तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं तेच. आणि मग डोळे कुणाचे गेले? हिचे. येडी दोन वर्षं हे पोटात घेऊन बसली आणि मला एका शब्दानं बोलली नाही! मी समजत होते, माणूस गेल्याचं दुःख आहे, साखर आहे, नशीब आहे. मला तुझं पत्र वाचून आज कळलं.

आता तिला माहीत नाही ते ऐक. आणि मलाही आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं, एवढीशी गोष्ट, त्या दिवसाच्या आकांतात कुठं राहते ध्यानात.

ती आत गेल्यावर नामदेवराव गेले नाहीत. चपला काढून ठेवल्या. धोतर नव्हे, पँट, ती सावरत गुडघ्यावर बसले. पुसलेली रेघ बोटानं जोडायला लागले. चिमटीत रांगोळी धरता येईना, ती भसकन पडायची, मग नुसत्या बोटानंच सारून सारून रेघ केली. गेली वाकडी. मी हसले. तेव्हा माझा एक कान तरी शाबूत होता. मला म्हणाले, “इंदुताई, सांगू नका हां तिला. संध्याकाळी येऊन निवांत शिव्या खातो.” आणि बोट पँटीला पुसून, खुशीत हसत गेले. हसत गेले, तन्वी. माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

तो पाय नाही गं. पाय त्यांनी बुजवला होता. तुझ्या हातावर आहे ते त्यांचं बोट आहे.

हे पत्र तिच्यापाशी बसून मोठ्यानं वाच. एकदा नाही समजलं तर परत वाच. आणि तिला सांग, इंदू म्हणते, तुझ्या शिव्यांनी कुणाचे डोळे जात असते तर माझे पहिले गेले असते, लहानपणापासून खाल्ल्यात.

मावशी


विद्यानगर
२२ जानेवारी

मावशी,

दादा सोमवारी आला. पत्र कापडाच्या गठ्ठ्यात खाली गेलं होतं, त्यानं सगळा गठ्ठा आमच्या हॉलमध्ये उलटा केला. मी आधी एकटीनं वाचलं, मोरीत जाऊन. मग आईपाशी बसले.

वाचताना मला शब्द अडले. “आकांतात” तीनदा वाचलं. आई भिंतीकडंच तोंड करून होती. चपला काढून ठेवल्या इथं आले तेव्हा ती वळली. शिव्या खातो इथं तिनं तोंडावर पदर घेतला. पत्र संपलं. मग म्हणाली, “परत वाच. तेवढंच.” मी तेवढंच वाचलं. मग अजून एकदा.

मग तिनं हात मागितला.

बोटं फिरवली. वरून खाली, खालून वर. मनगटापाशी दाबून बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. “काहीच लागत नाही गं,” ती म्हणाली. “गेलं का?”

गेलं नव्हतं, मावशी. बरं झालं होतं. काळंभोर, सुंदर, एकेक ठिपका. दिवसभर आरशात बघावंसं वाटेल इतकं, आणि मला तो हात भिंतीवर आपटावासा वाटला. मग मी तिचं बोट धरलं. लहानपणी तिनं माझं पाटीवर धरायचं तसं. कमळावरून नेलं, वेलीवरून नेलं, आणि त्या जागी आणून हळूहळू वाकडं नेऊन परत आणलं.

“असं?” तिनं विचारलं.

“असं.”

“रेघ म्हणून धड ओढता आली नाही माणसाला,” आई म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मला जवळ ओढून इतकी रडली की समोरच्या आंटी दार वाजवून विचारायला आल्या. दादा बिचारा कापडाच्या घड्या घालत बसला होता. त्या रात्री ती दोन भाकऱ्या जेवली, तुझ्या हळदीची आमटी होती.

टॅटूवाल्याचा फोन आला होता, एकदा येऊन जा, ती लाइन सरळ करून देतो, फुकटात. मी म्हणाले, भय्या, हात नक्को लावू त्याला.

आणि आज सकाळचं सांगायला हे पत्र आहे.

मी झोपेत होते. दारात पाणी शिंपडल्याचा आवाज आला. वाटलं, जुनंच स्वप्न आहे, ते मला नेहमी पडतं, त्यात सडा पडत असतो आणि मी पांघरूण ओढून घेते. मग माझ्या लक्षात आलं की माझे पाय गार फरशीवर आहेत आणि मी दाराकडं चाललेय.

आई उंबऱ्याबाहेर बसली होती. डबा मांडीशी. डाव्या हाताच्या बोटांनी जमीन मोजायची, उजव्यानं ठिपका सोडायचा. ठिपके सरळ नव्हते, एक रांग तर पार पायरीवर चढली होती. गल्लीत धुकं होतं, आणि आंटी दुधाच्या पिशव्या हातात धरून उभ्या होत्या, मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मी उंबऱ्यातच थांबले. कमळ झालं. वेल झाली. एका जागी ती थांबली. मला वाटलं विसरली, सांगायला पुढं झाले.

“तन्वी आहेस ना? हात आण,” ती म्हणाली.

मी हात दिला. तिचं बोट धरून त्या जागेवरून एकदा नेलं. तिनं मान डोलावली, चिमूट सोडली, आणि त्या बोटानंच जमिनीवर रांगोळी सारून सारून ती रेघ केली, वाकडी जाऊन परत येणारी. मग हात झटकले, भिंतीला धरून उठली आणि दारातून बाजूला झाली, आतून कुणाला तरी निघायला वाट देतात तशी.

“बघून चाला हो,” ती म्हणाली. “दारात रांगोळी आहे.”

तुझी
तन्वी